सात एकांची संख्या

सर, तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. पासष्ट-सहासष्ट साल असेल. सातवीच्या वर्गात तुम्ही फळ्यावर ओळीने सात एक लिहिलेत. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सहाच एक लिहिले तर तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस, सगळ्यांनी भाग जातो. सातवा एक जोडला की प्रत्येक वेळी बाकी एकच उरते. हे तुम्ही करून दाखवलंत आणि मी आ वासून बघत राहिले. मग म्हणालात, "ही मूळ संख्या. शंभरापर्यंत भागून पाहिलंय मी. हिला कोणी हात लावू शकत नाही." अहो, शंभरावर थांबलात कशाला? हिचं वर्गमूळच हजाराच्या वर, तिथवर जायला हवं होतं! पण शंभरापर्यंतचे पाढे तोंडपाठ, त्याचाच तुम्हाला केवढा तोरा.

मी थांबले नाही. भाईंदरला तेव्हा जिकडेतिकडे मिठागरंच. आमच्या मिठागरावर दुपारी बाबांना भाकरी घेऊन जायचे आणि ते जेवेपर्यंत बांधाच्या ओल्या चिखलात काडीने भागाकार करत बसायचे. एकशे एक, एकशे तीन, असं पुढे पुढे. आणि एक दिवस दोनशे एकोणचाळीसने बाकी शून्य! भागाकार चार हजार सहाशे एकोणपन्नास. मी बांधावर नाचले, सर. दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून सांगतेय, तर तुम्ही गुणून पाहायलाही तयार नाही. "अतिशहाणे, कोणी पढवलं तुला?" वर्ग हसतो. मी म्हणते, "सर, गुणून बघा ना." बस्स, एवढाच माझा उर्मटपणा.

आठवीत बीजगणित-भूमिती घ्यायची की गृहशास्त्र, हे तुमच्या शब्दावर ठरायचं. तुम्ही बाबांना बोलावून सांगितलंत, "हिला गणित झेपायचं नाही." बाबा घरी येऊन म्हणाले, "मास्तर बोलले म्हंजे तेच खरं हाय." संपलं. मी टाके घालायला आणि शिरा ढवळायला शिकले. त्या शिऱ्यात कायम गुठळ्या व्हायच्या आणि मला त्याचा आनंद व्हायचा. सायन्सला जायचं स्वप्न तिथेच मेलं. पुढे धाकटा भाऊ तुमच्या वर्गात आला. एके दिवशी धावत घरी येऊन सांगतो, "ताई, सरांनी सात एकांची फोड शोधून काढली! दोनशे एकोणचाळीस!" म्हणजे गुणून पाहिलं होतंत तर! माझं नाव घ्यायला जीभ झडली असती का तुमची?

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी तुमच्या घरी आले होते, चार शब्द सुनवायला. कोणाला, देव जाणे. तुमच्या बायकोने पाणी दिलं, विचारलं, "सरांची विद्यार्थिनी का गं तू?" मी लाजेकाजेस्तव म्हटलं, "हो, गणिताची गोडी त्यांनीच लावली." बाहेर पडल्यावर ध्यानात आलं, मी खोटं बोलले नव्हते. तुम्हीच लावलीत, आणि तुम्हीच ताटावरून उठवलंत. हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. पण पाठवता आलं असतं, तरी गोडीचं ते वाक्य मी खोडून मगच पाठवलं असतं.