उरुग्वे दौऱ्यातील आठवी जागा आणि आवारातील म्हैस

प्रति,
मा. संयोजक,
परदेश दुग्धाभ्यास दौरा कक्ष,
कोल्हापूर.

अर्जदार : शमशुद्दीन मौलाली नदाफ, प्राथमिक शिक्षक, मु. पो. गडमुडशिंगी.

विषय : उरुग्वे दौऱ्यातील आठवी जागा श्री. आकाराम दादू खोत यांच्याऐवजी अर्जदारास मिळणेबाबत. तसेच आपल्या आवारात बांधलेल्या म्हशीबाबत.

संदर्भ : १) उरुग्वेच्या रीतीभातींचा परिचय वर्ग घेण्याबाबत आपला आदेश, दि. ९ डिसेंबर १९६८.
२) अर्जदार अपात्र असल्याबाबत आपले पत्र, दि. १७ फेब्रुवारी १९६९.

महोदय,

१. खाली सही करणार हा एकोणीस वर्षे शाळेत भूगोल शिकवीत असून त्याने स्वतः मिरजेपलीकडे पाऊल टाकलेले नाही. तरीही दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशाची माहिती सांगण्यास जिल्ह्यात आपणास तोच एक इसम सापडला. यास कारण आमचे पोस्टमन केरबा. आपल्या कक्षाने आठ शेतकरी दौऱ्यासाठी निवडले आणि 'तिकडे जाऊन आपल्या लोकांनी नाव घालवू नये' म्हणून आपण कोणी जाणकार हुडकू लागलात, तेव्हा केरबांनी आपणास सांगितले, "आमच्या मास्तरला तिकडनं म्हैन्या-दीड म्हैन्याला पत्र येतंय की! तिकिटावर गाय असती."

२. ते खरे आहे. पोस्टाची तिकिटे जमवण्याच्या नादातून १९४६ साली माझी उरुग्वेतील सान होसे या गावच्या शिक्षिका एल्विराबाई यांच्याशी पत्रमैत्री झाली, ती आजतागायत चालू आहे. पत्रे इंग्रजीत असतात. दोघांचेही इंग्रजी सारखेच कच्चे असल्याने गैरसमज झाला तरी तो दोन्हीकडे समान होतो, वाद होत नाही. त्यांची एकशे नव्याण्णव पत्रे माझ्या पेटीत आहेत. एवढ्या भांडवलावर मी तेवीस दिवसांचा वर्ग शाळेच्या पडवीत घेतला. आपल्या आदेशात 'परिचय थोडक्यात द्यावा' असे होते, पण विद्यार्थी गडमुडशिंगीचे होते हे कृपया ध्यानात घ्यावे.

३. पहिल्याच दिवशी मी सांगितले की तो देश विषुववृत्ताखाली असल्याने तिथे मे महिन्यात थंडी पडते आणि सूर्य डोक्यावरून न जाता उत्तरेकडून जातो. वर्गातील ज्येष्ठ विद्यार्थी आकारामतात्या खोत, वय चौसष्ट, उठून उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, सूर्य उत्तरंनं गेला तर गोठ्याचं दार कुठल्या अंगाला ठेवायचं?" दोन दिवस वर्ग त्याच प्रश्नावर चालला. शेवटी चेंडू आणि कंदील घेऊन प्रयोग केला, गोठा म्हणून काडेपेटी ठेवली, आणि दार उत्तरेलाच ठेवावे असा ठराव एकमताने मंजूर झाला. उरुग्वे सरकारला कळवायचे असल्यास ठरावाची प्रत माझ्याकडे आहे.

४. जेवणाच्या प्रकरणाने मात्र दौराच बुडायची वेळ आली होती. दर रविवारी तिथे सगळे घर अंगणात जमते आणि निखाऱ्यावर मांस भाजून दिवसभर खाते, असे मी वाचून दाखवले. वर्गात असा आनंद पसरला की दोघांनी तिथल्या तिथे तांबड्या रश्श्याचा मसाला बरोबर न्यायचे ठरवले. तेवढ्यात सयाजी पाटील यांनी मांस कोणत्या जनावराचे, असे विचारले. मी शिक्षक आहे, खोटे सांगू शकलो नाही. पडवीत शोककळा पसरली. चाळीस दिवस बिनमटणाचे काढायचे म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला घर आठवते. मी रात्रीचे जेवण सोडून पेटी उपसली आणि १९५३ सालच्या पत्रात आधार शोधला : त्या देशात माणसांपेक्षा मेंढरे कितीतरी पटींनी जास्त आहेत, आणि लोक त्यांचेही मांस खातात. दुसऱ्या दिवशी हे वाचताच टाळ्या पडल्या. सयाजींनी मला उचलून घेतले. शिक्षकास वर्गात उचलू नये असा नियम असल्यास तो अनवधानाने मोडला गेला.

५. वाद्यांचा विषय मी भीतभीतच काढला होता. तिथे उत्सवात काळे लोक मोठाले ढोल वाजवीत रस्त्याने जातात, आणि निघण्यापूर्वी चौकात जाळ करून त्यावर ढोलाचे कातडे शेकतात, म्हणजे आवाज खणखणीत येतो. एवढे ऐकून आकारामतात्या म्हणाले, "म्हंजे हलगी शेकत्यात तसंच की! मग परका देश म्हनून काय सांगाय लागलाय? आपलंच पावणं हाईत ते!" त्या दिवसापासून वर्गातल्या कोणालाही त्या देशाची भीती वाटली नाही. मलाही वाटली नाही, हे प्रथमच कबूल करतो.

६. आता मुख्य विषय. तिथे पाहुण्याला चहा देत नाहीत, माते देतात. मुठीएवढ्या वाळवलेल्या भोपळ्यात कडू पाला भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढून पितात. भोपळा एक आणि नळी एकच. ती सगळ्यांत फिरते. वाढणाऱ्याने पहिला भोपळा स्वतः प्यायचा आणि मग प्रत्येकाला भरून द्यायचा, ही रीत. एल्विराबाईंनी भोपळा, नळी आणि पाल्याची पुडी मला आठ वर्षांपूर्वी पार्सलने पाठवली होती. वर्गात वाढणारा मी. म्हणजे नळी आधी माझ्या तोंडाला लागणार आणि मग त्यांच्या. मी, शमशुद्दीन नदाफ, पहिला भोपळा प्यालो, भरला आणि पुढे केला. पडवीत कोणी हलेना. आमच्या गावात सगळे गुण्यागोविंदाने राहतात. तरी पाण्याचा तांब्या आपापलाच असतो. मग आकारामतात्यांनी मिशा पुसल्या, नळी तोंडात धरली, डोळे मिटून तळापर्यंत ओढले आणि म्हणाले, "लई कडू हाय. म्होरं द्या." मग भोपळा आठही जणांत फिरला. मला भरून आले. कार्यालयीन पत्रात असे लिहीत नाहीत, पण खरे आहे ते लिहिले.

७. या रीतीतला एक नियम मी सांगितला तो असा : जोवर पाहुणा 'ग्रासियास', म्हणजे आभारी आहे, असे म्हणत नाही, तोवर वाढणारा भरून देतच राहतो. आभार मानले की पाहुण्याचे झाले, त्याची पाळी संपली. नियम त्यांना तोंडपाठ झाला, पण पाळता येईना. कारण आपल्याकडे दुसऱ्याच्या घरी 'पुरे' म्हणणे हा यजमानाचा अपमान, आणि आभार तर आम्ही फक्त सभेच्या शेवटी मानतो. त्यामुळे झाले असे की बाराव्या दिवशी चार वाजता भोपळा फिरू लागला तो थांबेना. उरुग्वेच्या रीतीने मी थांबू शकत नव्हतो आणि आमच्या रीतीने शेतकरी उठू शकत नव्हते. माझी पत्नी रोशनबी हिने सात तपेली पाणी तापवले. पाला धुऊन पांढरा पडला. दिवस कलला, धारा काढायची वेळ टळली आणि आठ गोठ्यांतली जनावरे हंबरू लागली, तरी सगळे मान खाली घालून नळी ओढतच राहिले.

८. शेवटी आकारामतात्यांच्या पत्नी बनाबाई हातात दावे घेऊन पडवीत आल्या आणि गरजल्या, "आवं, त्या देशाला जायाच्या आदी गोठ्याला तरी जावा की!" तरीही कोणी तो शब्द उच्चारीना. तेव्हा बनाबाईंनी तात्यांच्या हातचा भोपळा घेतला, उभ्याउभ्या रिकामा केला, माझ्या हातात ठेवला आणि खणखणीत म्हणाल्या, "ग्रासियास!" त्या बारा दिवस पडवीबाहेर शेण थापता थापता वर्ग ऐकत होत्या. परीक्षेत उत्तीर्ण झालेली ती पहिली विद्यार्थिनी. तिचे नाव आपल्या हजेरीपटात नाही, ही त्रुटी दुरुस्त व्हावी.

९. वर्ग संपल्यावर आपल्या कक्षाने काम समाधानकारक असल्याचे कळवून खडू आणि नकाशा परत मागितला. तो दिला. मात्र दौऱ्यात मलाही न्यावे ही माझी विनंती 'अर्जदार किमान दोन दुभती जनावरे बाळगत नाही' म्हणून नामंजूर झाली. नियम योग्यच आहे. पण त्याच आठवड्यात एल्विराबाईंचे दोनशेवे पत्र आले. अक्षर वेडेवाकडे, ओळी एकमेकींवर चढलेल्या. त्यांनी लिहिले आहे की दोन्ही डोळ्यांची नजर झपाट्याने जात आहे; गडमुडशिंगीची माणसे येणार हे कळल्यापासून त्या दारात दोन खुर्च्या मांडून बसतात; 'तुम्ही या वर्षी आलात तर तुमचा चेहरा मला दिसेल, पुढच्या वर्षीचे सांगता येत नाही.' महोदय, मला तिथले गोठे पाहायचे नाहीत. मला त्या खुर्चीवर बसायचे आहे. चेहरा काही पाहण्यासारखा नाही, पण त्यांना पाहायचा आहे.

१०. वर्ग संपला तरी निरोपासाठी आम्ही पडवीत पुन्हा जमलो; त्या दिवशी हे पत्र मी वाचायला नको होते. पाला कधीच संपला होता, म्हणून गवती चहात कडुलिंब घालून शेवटचा भोपळा फिरत होता. पत्र वाचून मी त्याची घडी घातली. भोपळा आकारामतात्यांकडे होता. तेवीस दिवसांत ज्यांनी एकदाही तो शब्द तोंडातून काढला नव्हता, त्यांनी नळी पुसली, भोपळा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "ग्रासियास, मास्तर. माझं झालं." मला वाटले, पाण्याबद्दल बोलतात. ते म्हणाले, "पान्याचं न्हाय, जागंचं बोलतोय. तुमी तेवीस वर्सं त्या देशाला पत्रं लिवलायसा. आमी तेवीस दिस नाव ऐकलं. आता कुणी जायाचं ते तुमीच सांगा की. आन् मी चाळीस दिस गेलो तर चंद्री आटंल. ती दुसऱ्याला हात लावू देत न्हाय." चंद्री ही त्यांची म्हैस.

११. जनावरांच्या अटीबाबत. चंद्री ही म्हैस तात्यांनी मला रीतसर दिली असून गेले नऊ दिवस ती माझ्या दारात आहे. ती मला धार काढू देत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पहिल्या दिवशी तिने बादली लाथाडली, दुसऱ्या दिवशी मला, आणि तिसऱ्या दिवसापासून तात्या स्वतः येऊन धार काढतात व मी शेजारी उभा राहून जनावर बाळगतो. नियमात 'बाळगणे' एवढेच आहे, धार काढण्याचा उल्लेख नाही. दुसरे दुभते जनावर म्हणजे रोशनबीची शेळी. ती दिवसाला पाऊण शेर देते. शेळीस जनावर न मानल्यास ते तिला समजावून सांगण्याची जबाबदारी कक्षाने घ्यावी. ती कोणाचे ऐकून घेत नाही.

१२. रोशनबीची हरकत नाही. तिचे म्हणणे जसेच्या तसे : "जाऊन या एकदाचं. तेवीस वर्सं त्या बाईच्या पत्रापायी जेवण गार करून घेतलंयसा." उरलेल्या सात शेतकऱ्यांनीही सह्या-अंगठे देऊन कळवले आहे की मास्तर नसतील तर भोपळा कोण भरणार, सबब ते विमानात बसणार नाहीत. हा दबाव समजू नये. त्यांना मी समजावले, पण सयाजींनी मला पुन्हा उचलून घेतले.

१३. तपासणीत वेळ जाऊ नये म्हणून दोन्ही जनावरे आज समक्ष आणली आहेत. म्हैस आपल्या आवारातील लिंबाला बांधली आहे, शेळी सायकलस्टँडला. शेळीने सूचनाफलकावरील एक परिपत्रक खाल्ले, ते जुने होते असे शिपायाने सांगितले. तात्या सकाळपासून चंद्रीपाशी बसून आहेत, बनाबाई तात्यांवर लक्ष ठेवून आहेत. तरी आठवी जागा माझ्या नावे करावी, ही कळकळीची विनंती. दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी आहे आणि दिवस थोडे आहेत.

आपला, आणि तूर्त एका म्हशीचाही, नम्र,

शमशुद्दीन मौलाली नदाफ
कोल्हापूर, दि. ३ मार्च १९६९

सोबत :
१) श्री. आकाराम खोत यांचे जागा सोडल्याचे पत्र, अंगठ्यासह.
२) सात शेतकऱ्यांचे निवेदन.
३) एल्विराबाईंचे दोनशेवे पत्र. वाचून परत मिळावे.
४) म्हैस एक, शेळी एक, समक्ष.
५) भोपळा व नळी. पहिला भोपळा रीतीप्रमाणे मी प्यालो आहे, दुसरा आपल्यासाठी भरून शिपायाबरोबर आत पाठवला आहे. बाहेर पायरीवर मी गरम पाण्याचे तपेले घेऊन बसलो आहे आणि भरून पाठवत राहीन. कृपया अर्जावर मंजुरीची सही होईपर्यंत 'ग्रासियास' म्हणू नये.