नात्याच्या रकान्यात

सांगली,
रविवार, दुपार

प्रिय जयराज,

नागपंचमीला शिराळ्याला भावाकडे जाऊन येतो म्हणून निघालास, त्याला दीड महिना झाला. नागपंचमी एका दिवसात आटोपते, एवढं मलाही कळतं. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. शेजारच्या बनाबाई उद्या शिराळ्याला लेकीकडे निघाल्या आहेत, त्यांच्याच हाती पाकीट देते. पोस्टाने पाठवत नाही, त्याला कारण आहे. माझं बरं चाललंय. वेळेवर ड्युटीला जाते, वेळेवर जेवते. वॉर्डातल्या पोरी म्हणतात, सिस्टर, तुम्ही लय धीराच्या. धीर कसला डोंबलाचा. एकाच कुशीवर पडून राहिलं की हात कसा आपला वाटेनासा होतो, तशी मी सगळीच झाले आहे. रडू येत नाही. येईल म्हणून दोनदा दार लावून बसलेही, पण नाही आलं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी दोन माणसं आली आणि दारावर कागद डकवून गेली. पाणीपट्टी थकली असेल असं वाटलं. बघते तर तुझं नाव, आणि खाली आपला फ्लॅट नंबर. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या पलटणीतल्या नाथाजीने म्हसवडच्या पतसंस्थेकडून ट्रकसाठी कर्ज घेतलं, त्याला तू जामीन. नाथाजीचा पत्ता नाही, ट्रकचाही नाही, तेव्हा तुझ्या नावावर जे आहे ते जप्त करून विकणार. मग तुझी लष्करी ट्रंक उघडली. आधीच्या चार नोटिसा प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेल्या. लपवलंस तेही शिस्तीत, कमाल आहे तुझी! ही सही कशी झाली ते तू पूर्वीच मला हसत हसत सांगितलं होतंस, फक्त पुढचं सांगितलं नव्हतंस. नाथाजीच्या लेकीचं जावळ होतं, पंगत बसली होती, तो फॉर्म घेऊन आला. तू ताटावरून उठून हात धुतलास, सही केलीस आणि परत येऊन जेवलास. वाचलास का कागद, असं मी विचारलं तर म्हणालास, "पंगतीत बसून दोस्ताचा कागद कोण वाचतंय गं?"

तुला नावं ठेवायला बसले नाही, कारण माझीही चूक तितकीच मोठी आहे. तुझ्या थोरल्या भावाने अट घातली होती, "ऱ्हावा एकत्र, आमी आडवं येत न्हाई, पण त्यांच्यातल्या बाईसंगं लगीन लावायचं न्हाई." आमच्याकडे बुद्धवंदना म्हणून अर्ध्या तासात लग्न लागलं असतं. पण तुला भाऊ तोडवेना आणि मलाही त्या वयात कुणाच्या दारात जाऊन भांडायचं नव्हतं. मी म्हटलं, राहू दे. आणि मग फ्लॅट घेताना माझा पीएफ, आईच्या पाटल्या, सगळं माझं असूनही मी खरेदीखतात तुझं नाव घातलं. आपल्या भागात उताऱ्यावर नाव चढलं की माणूस घरचा झाला. लग्न नाही तर नाही, निदान एका कागदावर आपण दोघं शेजारी असू, असं मला फार वाटलं. तू नको म्हणत होतास. "माझं नाव नगं गं घालूस, लय लफडी असत्यात." मला तो तुझा संकोच वाटला. कागद लिहिणाऱ्याने विचारलं, नात्यात पती लिहू का? आपण एकमेकांकडे बघून हसत सुटलो आणि त्याने कंटाळून रकाना कोरा सोडला. त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की घरी येऊन पुरण घातलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

राग आहे, पण तो कर्जाचा नाही. एकाच ताटात जेवत होतो रे आपण, तेव्हा सांगायला तुझी जीभ का जड झाली, त्याचा आहे. सांगितलं असतंस तर तुझं नाव घातलं नसतं, एवढंच झालं असतं. आता तुझा अर्धा हिस्सा लिलावात निघाला तर कुणीतरी परका माणूस उठून म्हणणार, अर्धं घर माझं. माझी नोकरी सात वर्षं उरली, आणि दुसरं छप्पर मला नाही.

म्हणून मी वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, एकच रस्ता आहे, आणि तोही लागू पडेलच असं नाही. घर पूर्ण तुमच्या पैशाचं आहे, त्यांचं नाव नुसतं सोयीसाठी लागलं, असा हरकतीचा अर्ज द्यायचा. मी घरून सगळं लिहून नेलं होतं. आईला पक्षाघात झाला तेव्हा माझ्या ड्युटीच्या वेळात तू तिला दोन वर्षं उचललंस, आंघोळ घातलीस, चमच्याने पेज भरवलीस, ते सुद्धा. आई माझ्या हातून खायची नाही, "जावायाला बोलीव" म्हणायची, तेही लिहिलं होतं. बाईंनी तेवढ्या भागावर लाल पेनाने काट मारली. म्हणाल्या, हे ठेवलं तर पतसंस्थावाले म्हणणार, बघा, माणूस घरातलाच आहे, त्याचा हक्क आहे. बाईंचंही खरं आहे. आता अर्जात तू माझ्याकडे जेवणखाणाचे पैसे देऊन राहणारा माणूस आहेस, आणि नात्याच्या रकान्यात 'काही नाही' असं आहे. मी सही केली. बाहेर येऊन भडंगाचा पुडा घेतला, स्टॉपवर उभ्या उभ्या सगळा संपवला आणि ड्युटीवर गेले.

येत्या गुरुवारी अकरा वाजता साताऱ्याच्या वसुली कार्यालयात सुनावणी आहे. तू यायलाच पाहिजेस, आणि साहेबांनी विचारलं की तेच सांगायचंस, ही बाई माझी कोणी नाही. घरी दोन-चार वेळा म्हणून बघ, एकदम जमणार नाही. वेगळ्या गाडीने ये, आणि तिथे माझ्याकडे बघू नकोस. वकीलबाईंनी आणखी एक बजावलं आहे. जयराजना काही लिहू नका, मेसेज नको, चिठ्ठी नको. तुमच्या हातची एक ओळ जरी पतसंस्थेच्या हाती लागली तरी अर्ज गेला, घर गेलं. मी नीट ऐकून घेतलं आणि तरीही लिहिते आहे. आपल्याजवळ लग्नाचा दाखला नाही, फोटो नाही, आणि सरकारदरबारी आता फक्त एकच कागद राहणार, आपण एकमेकांचे कोणी नाही म्हणणारा. तेवढा एकच कागद मागे राहावा हे मला सोसत नाही. म्हणून मी माझ्या हाताने लिहून देते की जयराज माझा माणूस आहे, आणि माझ्या आईला त्याने शेवटपर्यंत पोटच्या पोरासारखं सांभाळलं. वाचून जाळ, नाहीतर ठेव, मी विचारणार नाही.

गुरुवार सोडून सगळे दिवस तुझीच,
प्रियंका