लिबरेटरच्या नाकात शिसं

रवि. ५ ऑगस्ट १९९०, डोंबिवली
इराक कुवेतमध्ये घुसला त्याला आज चौथा दिवस. कुवेत लागत नाही. बूथवाला म्हणाला, "ताई, तिकडची लाइनच मेलीय." सुहासचं शेवटचं पत्र जुलैतलं. त्यात नुसता उकाडा, आणि लोणचं संपलं. लढाईचं अवाक्षर नाही.
नाना (सासरे) सकाळपासून रेडिओपाशी. दुपारी एकदम स्टूल लावून माळ्यावर चढायला लागले. मी ओरडले. काय हवंय, तर सुहासचं विमान. दहावीच्या सुट्टीत त्याने जोडलेलं प्लास्टिकचं लिबरेटर, चार इंजिनांचं बाँबर. नाना स्वतः महायुद्धात बंगालातल्या तळावर ह्याच विमानांचे फिटर होते. पण लग्न होऊन आठ वर्षं झाली, त्यांनी हे खोकं उघडलेलं मी कधी पाहिलं नाही.
"हे नीट करायचंय," म्हणाले. बास.

मंगळ. ७ ऑगस्ट
डाव्या पंखावर चिकटवायच्या सुकलेल्या सोल्युशनमध्ये बोटांचे ठसे. सुहासचे, पंधराव्या वर्षीचे. नाना म्हणाले, घासून काढ. मी नाही म्हटलं.
"अगं, असा पंख घेऊन कुठलं विमान उडेल?"
काढले. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, हळूहळू. मग हात धुवायला गेले ते पाच मिनिटं नळ सोडून उभी.
नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून डोळे आणि हात माझे. लॅबमध्ये दिवसभर स्लाइड नि चिमटाच असतो. नाना फक्त बोट फिरवून सांगतात, इथे खळगा, इथे उंचवटा. बरोबर असतं.

शनि. ११ ऑगस्ट
पोटाचा जोड ब्लेडने उघडला. थोडा चिरला, भेगेत लांबी भरली. हे विमान पहिल्यापासून शेपटीवर बसतं. नाकात वजन हवं होतं, ते सुहासने घातलंच नाही. नाना म्हणाले, "त्याला कोणी सांगितलं नाही." कोणी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.
मासळीवाल्या हिराबाईकडून जाळ्याच्या शिसाच्या चार गोळ्या आणल्या. "तुला कशाला गो शिसा?" म्हणाली. सांगितलं. मग म्हणे, "नवऱ्याचा कागद आला का?" नाही म्हटलं. तिने कोलंबीचा वाटा जरा मोठाच घातला.

मंगळ. १४ ऑगस्ट
रेडिओ: लोक जॉर्डनमार्गे यायला लागलेत. म्हणजे आधी वाळवंट ओलांडायचं. कसं, ते सांगत नाहीत. खाली बापटांकडे फोन आहे, दोनदा वाजला. दोन्ही वेळा जिना अर्धा उतरलेले. दोन्ही त्यांचेच.
लॅबमध्ये आज एका पेशंटचं नाव दोनदा चुकवलं.

रवि. १९ ऑगस्ट
वरच्या बंदुकीचा काचेचा घुमट हरवलाय. नानांच्या बी.पी.च्या गोळ्यांच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक मेणबत्तीवर धरलं, मऊ झाल्यावर गोटीवर दाबलं. दोन जळाले. तिसरा जमला. इतका आनंद झाला की लगेच भीती वाटली. आनंद करायला नको होता असं काहीतरी.
नानांना वाटतं मी रोज जेवते. मला वाटतं ते रोज झोपतात.

रवि. २६ ऑगस्ट
बाँबकप्प्याची दारं. खोक्यावरच्या चित्रात बंद आहेत. नाना म्हणाले, उघडी करायची. ही दारं दुकानाच्या शटरसारखी गुंडाळत वर जातात, खाली लोंबत नाहीत. पावडरच्या डब्याचा पातळ पत्रा कापून, पेन्सिलीवर वळवून बसवला. बोट कापलं नाही. नाना बोलत राहिले, इतके कधी बोलले नव्हते. रिव्हेट, तेल, पहाटेचं धुकं. तिसऱ्या इंजिनापाशी आलो आणि थांबले. "आज पुरे."

रवि. २ सप्टेंबर
आज मीच विचारलं. तिसऱ्या इंजिनाचं काय?
नाना खिडकीकडे बघून बोलले. जमेल तसं लिहिते. एका लिबरेटरच्या तिसऱ्या इंजिनाची पेट्रोलची नळी त्यांनी बदलली, फॉर्मवर सही केली. संध्याकाळी विमान ब्रह्मदेशाकडे गेलं. आलं नाही. आत आठ माणसं. कशाने पडलं, कोणालाच कळलं नाही. कोणी विचारलंही नाही.
"जोड घट्ट केला होता मी. आठवत होतं मला. मग रोज आठवून आठवून, आठवेनासं झालं."
मग म्हणाले, "आणि सुहासने नेमकं तेच विमान आणलं. माझ्यासाठीच आणलं असणार. महिनाभर इथे बसून जोडत होता. 'नाना, हे कुठे बसतं?' मी पेपर वाचत राहिलो."
पाणी दिलं.

रवि. ९ सप्टेंबर
शहाडला गेलेले. सुहासच्या वर्कशॉपमधला वेल्डर जाधव परत आलाय, पेपरात यादीत नाव होतं. पायाला फोड. मान वर करत नव्हता.
"वहिनी, आम्ही ट्रकमध्ये बरोबरच बसलेलो. सुहासभाऊ उतरले. पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिलेला. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या ट्रकने येतो."
"आणि मागचा ट्रक?"
"आम्ही सीमेवर दोन दिवस होतो. तो आला नाही."
त्याची बायको चहा घेऊन दारातच उभी राहिली.
घरी येऊन नानांना एवढंच सांगितलं, मागून येतोय. "मागून म्हणजे कुठून?" मी कुकर लावायला गेले.

सोम. १० सप्टेंबर
रंग द्यायला बसले. हिरवा पट्टा पंखावरून ओघळून खाली. पुसला, पुन्हा ओघळला. पत्र्याने अंगठा कापला. नाना म्हणाले, "राहू दे आज." रागावले नाहीत. त्याचीच भीती वाटली.

शनि. १५ सप्टेंबर
तार!! जॉर्डनहून. सुखरूप पोचला, छावणीत आहे, विमानाला नंबर लागायचाय. सुहास. एवढंच.
तीनदा वाचली. मग नानांना सगळं खरं सांगितलं, ट्रक, पासपोर्ट, सगळं.
"माहीत होतं," म्हणाले. "तू अंगठा कापून घेतलास ना, तेव्हाच."
"मग बोलला का नाहीत?"
"तू सांगशील म्हटलं. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही, ती वाईटच."
तारेवरची तारीख आता पाहिली. आठ दिवसांपूर्वीची. आठ दिवसांत नंबर लागत नाही?

गुरु. २० सप्टेंबर
पेपरातल्या यादीत नाव नाही. कालही नव्हतं. छावणीत जुलाबाची साथ आहे असं बापट म्हणाले. का सांगतात लोक?
विमान झालं. नाकात शिसं घातलं, तीन चाकांवर सरळ उभं राहतं. नाना बराच वेळ पंखाखालून बोट फिरवत होते. "एकसुद्धा खळगा नाही," म्हणाले. म्हटलं, मग आता? म्हणाले, आता काही नाही. आता फार कठीण आहे. हाताला काम नाही.

रवि. २३ सप्टेंबर
सहार विमानतळावर गेलो, नाना पण. यादीबिदी न बघताच, घरी बसवेना म्हणून. सकाळचं विमान उतरलं. माणसं बाहेर आली, सगळ्यांचे चेहरे एकाच मातीचे. सगळी निघून गेली. सुहास नाही.
एक बाई तेवढी उरली. चाळिशीची, हातात एक पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला. अंबरनाथची, तिकडे इस्पितळात नर्स होती. घ्यायला कोणी आलं नव्हतं, घरच्यांना कळलंच नसावं. नानाच तिच्याकडे गेले. "आमच्याबरोबर चला. जेवा, पाठ टेका, मग पोचवतो."
घरी आलो. नानांनी टेबलावरचं विमान स्वतः उचलून कपाटावर ठेवलं, तिच्या ताटाला जागा केली. पिठलं-भात. ती हळूहळू जेवली, मध्येच थांबून भाताकडे बघत राहायची. मी सुहासचा फोटो दाखवला. बराच वेळ पाहिला तिने. "छावणीत हजारो माणसं आहेत हो. दाढ्या वाढलेल्या. खोटं कशाला सांगू?"
ताक वाढलं. तिने नानांना विचारलं, "तुमचं कोण यायचंय?"
मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "मुलगा. रांगेत आहे."