चाळिसावा फॉर्म

४ ऑगस्ट

चि. टिल्लूस अ. उ. आ.

दारातून वाकून शिरणाऱ्याला टिल्लू म्हणणं आता शोभत नाही, पण जिभेची सवय जात नाही. फोनवर तू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवलो’ एवढंच बोलतोस, म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच हवं.

माझी अडचण सांगते. कॉलेजच्या मुलांची घबराट योगाने कमी होते का, हे बारा आठवडे मोजायचं, हा माझा पीएचडीचा विषय तुला पाठ आहेच. चाळीस मुलं ठरली होती. परवा एकीने पाय मुरगळून घेतला आणि उरली एकोणचाळीस. गाईड सर म्हणाले, चाळीस म्हणजे चाळीस. तुमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये योगाच्या बाई रोज सकाळी वर्ग घेणार आहेत. तू जाशील का? दर आठवड्याला एक फॉर्म भरायचा आणि वर्गाआधी व नंतर स्वतःची नाडी मोजून लिहायची. सख्ख्या भावाला घेणं नियमात बसत नाही. फॉर्मवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, म्हणून मी डोळेझाक करते आहे.

एक अट मात्र पक्की. घबराटीवरची गोळी चालू असलेला मुलगा चालत नाही, कारण मग गुण योगाचा की गोळीचा ते कळत नाही. गेल्या वर्षी तू पेपर अर्धा टाकून घरी आलास, तेव्हापासून तुझी गोळी होती. ती डॉक्टरबाईंनी बंद केली का? केली असेल तरच हो म्हण.

लोभ आहेच. पत्र वेळेवर आलं तर वाढवायचा विचार करीन.

तुझी ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

गोळी बंद झाली. तेव्हा तुझा चाळिसावा मीच.

बाकी ठीक. फार्मसीचं दुसरं वर्ष म्हणजे दिवसभर खलात पावडर घोटायची, काट्यावर तोलायची आणि कागदाच्या पुड्या बांधायच्या. आईला सांग, मुलगा शिकून पुड्या बांधतो. गेल्या वर्षी तू तुझं काम टाकून दोन महिने माझ्या उशाशी बसलीस आणि त्यामुळे मागे पडलीस, हे मी विसरलेलो नाही. बारा आठवडे हातपाय ताणणं म्हणजे काहीच नाही.

आहे तो लोभ कमी करू नये, एवढंच.

तुझा टिल्लू

६ ऑक्टोबर

चि. टिल्लूस अ. उ. आ.

अरे, काय हे! पहिल्या आठवड्यात तुझे घबराटीचे गुण एकतीस होते, आता नऊ. व्यायाम म्हटलं की ज्याच्या पोटात दुखायचं त्याने माझ्या संशोधनाची लाज राखली. सरांनी तुझा आलेख सगळ्यांसमोर दाखवला. अर्थात कोणाचा ते त्यांना ठाऊक नाही. मी आईला सांगितलं आणि आईने अख्ख्या इमारतीला.

एकच विचारायचं राहिलं. वर्गानंतरची तुझी नाडी आठही आठवडे बहात्तर आहे. सर हसून म्हणाले, हा मुलगा आहे की घड्याळ? बोट मनगटावर नीट ठेवतोस ना? पूर्ण मिनिट मोजतोस ना?

तीस तारखेला तुझं प्रॅक्टिकल आहे, ते लक्षात आहे. यंदा मला धाकधूक नाही.

लोभ वाढवला आहे, पोच द्यावी.

तुझी ताई

११ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

नाडी नीट मोजतो. अक्षर वेडंवाकडं आलंय ते पेनामुळे, नवीन घेईन.

दोन शंका आहेत. शवासनात सगळ्यांनी डोळे मिटलेच पाहिजेत, असा नियम तुझा आहे की बाईंचा? आणि समजा एखाद्याच्या फॉर्मवर वाईट आकडे आले, तर त्याचा फॉर्म फुकट जातो का? आमच्या वर्गातला एक जण विचारत होता.

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आहेत. ते म्हणे मुलांच्या हातांकडेच बघत राहतात. तू मात्र त्या दिवशी फोन करू नकोस.

लोभ आहे तिथेच असू द्यावा.

तुझा टिल्लू

२२ ऑक्टोबर

चि. मोठीस अ. उ. आ.

काल टिल्लूच्या हॉस्टेलवर जाऊन आले. खोली म्हणजे उकिरडा. पोरगं थोडं वाळलंय, चेहरा ओढल्यासारखा दिसतो, पण परीक्षा तोंडावर आल्यावर असं व्हायचंच. तो लॅबमध्ये होता तेवढ्यात मी त्याचं टेबल आवरलं. तुला सांगायला फार आनंद होतो की तुझ्या योगाने खरोखर गुण आला. खणात त्याच्या गोळ्यांची तीन पाकिटं होती, ऑगस्टचं, सप्टेंबरचं आणि या महिन्याचं. दवाखान्यातून दर महिन्याला आणतो बिचारा, डॉक्टरबाईंचं मन मोडू नये म्हणून, पण एकही फोडलेलं नाही! गरजच पडली नाही. मी त्याला काही बोलले नाही, नाहीतर म्हणेल आई खण उचकते. तुझ्या पुस्तकात हे जरूर लिही.

स्वतःच्या जेवणाकडे लक्ष दे.

आई

२७ ऑक्टोबर

टिल्लू,

आशीर्वाद वगैरे सगळं आहे, पण आधी हे वाच.

आईचं पत्र आज मिळालं. डॉक्टरबाईंनी गोळी बंद केली असती तर त्या दर महिन्याला पाकीट कशाला देतील? मी लगेच त्यांना फोन केला. त्यांनी बंद केलेली नाही. तू खुशाल आहेस असं तूच त्यांना दर महिन्याला सांगत होतास. त्या म्हणाल्या, त्याने एकदम सोडायला नको होती आणि आता स्वतःच्या मनाने एकदम सुरूही करू नये, त्याला आजच्या आज माझ्याकडे पाठवा.

तुला चार वेळा फोन केला. चौथ्यांदा उचललास आणि म्हणालास, सगळं ठीक आहे, आणि परीक्षेआधी तू आलीस तर माझं पाऊल हॉलमध्ये पडणार नाही. म्हणून शनिवारपर्यंत थांबते आहे. हे थांबणं मला किती जड जातंय ते तुला सांगून उपयोग नाही. मी तुला गोळीची अट लिहिली आणि वर एक मुलगा कमी पडतोय असंही लिहिलं. हो म्हणायला तुला मीच भाग पाडलं. तो एकतिसावरून नऊवर आलेला आलेख माझ्या टेबलावर आहे आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

प्रॅक्टिकल बुडालं तर बुडू दे. डॉक्टरबाईंकडे जा. मी घाबरले आहे, टिल्लू.

ताई

३० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं कुरियर आज सकाळी मिळालं. वाचलं आणि खिशात घालून तसाच परीक्षेला गेलो. रागावू नकोस.

प्रश्नाच्या चिठ्ठीत आलं होतं, चूर्ण तयार करून सहा पुड्या बांधा आणि पाकिटावर लेबल लिहा. लेबलवर शेवटी एक ओळ असते, ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बंद करू नये.’ वर्षभरात शंभर वेळा लिहिली असेल. आज ती लिहिता लिहिता हाताला असा कंप सुटला की धक्का लागून काट्यावरची पावडर निम्मी टेबलावर सांडली. परीक्षक बघत होते. मला वाटलं, झालं, गेल्या वर्षीसारखं दार गाठणार मी. पण मी त्यांना सांगितलं की माझे हात थरथरताहेत आणि मला पाच मिनिटं हवीत. ते म्हणाले, दहा घे.

खिडकीशी उभा राहिलो आणि बाईंनी शिकवलेला उभ्याने सावकाश श्वास घेतला, डोळे उघडे ठेवून. तेवढं एक मला खरंच जमतं आणि लागूही पडतं. निजून डोळे मिटले की मात्र छाती धडधडायला लागते, सगळा हॉल अंगावर येतो. इतके आठवडे मी शवासनात छताचे पंखे मोजले आहेत. फॉर्मवर ‘अगदी शांत वाटतं’ला खूण केली. बहात्तर लिहिली, कारण पुस्तकात निरोगी माणसाची बहात्तर दिली आहे. वर्गातला शंका विचारणारा तो एक जण मीच.

सहापैकी चार पुड्या झाल्या. तिथून थेट डॉक्टरबाईंकडे गेलो. खूप बोलल्या. गोळी थोडी थोडी करून परत सुरू केली आहे, आणि योगही चालू ठेव म्हणाल्या. गोळीचं आणि योगाचं भांडण आहे असं तुला कोणी सांगितलं, असं विचारत होत्या. तुझं नाव घेतलं नाही.

तुझं काम बिघडवलं. ये शनिवारी.

टिल्लू

५ नोव्हेंबर

चि. टिल्लूस अ. उ. आ.

तुला भेटून आल्यापासून नीट जेवते आहे.

परतल्या परतल्या सरांना सगळं सांगितलं, भाऊ असल्याचंसुद्धा. अर्धा तास उभी होते. तुझा फॉर्म काढला. एकोणचाळीसच राहिले, आणि अहवालात का राहिले तेही मी लिहिणार आहे. मग सरांच्या परवानगीने सगळ्या मुलांना एक कागद पाठवला. आम्हाला बरं वाटावं म्हणून काही लिहिलं होतं का, आणि डोळे मिटून पडल्यावर कोणाला जास्त भीती वाटते का, असे दोनच प्रश्न. सहा जणांनी दोन्हींना हो लिहिलं. माझं वर्ष लांबणार. लांबू दे. तुझ्यामुळे नाही लांबत, मी विचारायचं ते विचारलं नव्हतं म्हणून लांबतंय.

तू आता माझ्या कामात नाहीस, तरी मला नाडी कळव. आकडा कसाही असला तरी चालेल.

लोभाबद्दल आता वेगळं काय लिहू?

तुझी ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाईंनी मला भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून बसायची परवानगी दिली आहे. माझ्या शेजारी आता आणखी एक मुलगी येऊन बसते. आम्ही दोघंही पंखे मोजतो.

आजची नाडी. आधी एकशे चार, नंतर शहाण्णव. दोनदा मोजली.

तुझा टिल्लू