सहा मीटरच्या घराबद्दल, पूर्ण शुद्धीत

मी, खाली सही करणारी, निवृत्त दंतवैद्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ते लिहावे म्हणून माझ्यावर कुणाचे दडपण नाही. दडपण आहे ते लिहू नये म्हणून. आत्ता या क्षणी माझा मुलगा माझ्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, दारावर थापा मारतो आहे. किल्ल्या त्याच्या खिशात आहेत, पण आतली कडी मी घातली आहे. उद्या तो मला डॉक्टरांपुढे बसवून माझे डोके ठिकाणावर नसल्याचा दाखला मागणार आणि त्यावर कोर्टात अर्ज करणार. म्हणून मालमत्तेआधी माझ्या डोक्याविषयी लिहिते.

१. माझ्या हृदयाची एक झडप निकामी होत आली आहे. शस्त्रक्रिया जोखमीची आहे, पण हिवाळा संपेपर्यंत थांबता येईल असे डॉक्टर म्हणाले. तेवढ्या वेळात मला मैत्रिणीबरोबर फिरून यायचे आहे. ती कोर्टातली निवृत्त लघुलेखिका; गाडी तीच चालवणार. ही गाडी वेडाच्या भरात खरेदी केली असती तर विक्रेत्याने आधी दाखवलेले ते आठ मीटरचे धूड घेतले असते. माझे दिवंगत यजमान त्यावरच भाळले असते. त्यांना सगळेच मोठे लागे. मी विचारले, "हे अरुंद गल्लीत वळेल का?" विक्रेता म्हणाला, "बाई, तुम्ही गल्लीत कशाला जाताय?" मला गल्लीतच जायचे आहे. म्हणून सहा मीटरचे घेतले. साध्या परवान्यावर चालते आणि बाजारात कुठेही उभे राहते.

२. आतली मांडणी. गाडीत आडव्या बसवलेल्या जोडपलंगावर आत झोपणारीला दुसरीच्या अंगावरून उतरावे लागते. आमच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, आणि झोपमोड झाली तर मैत्रीण काय काय ऐकवते ते कागदावर लिहिण्याजोगे नाही. म्हणून दोन वेगळे पलंग, मधून वाट, वाटेच्या टोकाला संडास. जन्मभर मी एका खुर्चीभोवती, हात पोचेल एवढ्या जागेत काम केले. कुठली वस्तू कुठे हवी हे मला कुणी शिकवू नये.

३. हीटर. भांडणाचे मूळ इथे आहे. गेल्या हिवाळ्यात मुलगा आणि मी भाड्याचे मोटरहोम घेऊन डोंगरात गेलो होतो. बर्फ साचून हीटरचा धूर बाहेर जायची नळी बुजली. सकाळी मुलगा उठला तो डोके धरूनच. मी हाकेला ओ देत नव्हते. त्याने मला बखोटीला धरून बाहेर ओढले, बर्फात बसवले आणि गालांवर चापट्या मारत राहिला. एवढा बाप्या माणूस, पण लहान पोरासारखा "आई, आई" करत होता. तेव्हापासून त्याने घरात मोटरहोमचे नाव काढू दिले नाही.

म्हणून या गाडीचा हीटर मी नीट पारखून घेतला. त्याची ज्योत बंद पेटीत जळते. हवा बाहेरची घेते आणि धूर बाहेरच सोडते. उशाशी विषारी वायूचा अलार्म आहे. गॅरेजच्या मिस्त्रींनी तो माझ्यासमोर वाजवून दाखवला. पाण्याची टाकी आत आहे, म्हणजे गोठण्याची भीती नाही. हे वेडीचे काम आहे का, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

४. राहते घर आणि खालचा दवाखाना मुलाला. दाताची खुर्ची व अवजारे माझ्या मदतनीस बाईंना. पेशंटांच्या बोंबा माझ्याइतक्याच त्यांनीही ऐकल्या आहेत. मोटरहोम मैत्रिणीला. "या वयात ही थेरं?" असे चारचौघांत म्हणणाऱ्या धाकट्या दिरांना यजमानांचा गळका तंबू.

५. मुलगा घरासाठी मला वेडी ठरवतो आहे, असे माझे मत झाले आहे. हे लिहायला नको वाटते, तरी लिहिते.

पुरवणी. मिस्त्री साक्षीला आणि मैत्रीण कागद नजरेखालून घालायला आली, तेव्हा दार उघडावे लागले. त्यांच्या मागोमाग मुलगा आत घुसला. कागद माझ्या हातातून ओढून त्याने उभ्यानेच वाचला. पाचव्या कलमापाशी त्याचा चेहरा उतरला. आता हा कागद फाडणार, असे मला वाटले.

"धुराची नळी कुठल्या बाजूला आहे?" त्याने मिस्त्रींना विचारले.

दोघे बाहेर गेले. बराच वेळ ते गाडीखाली वाकलेले दिसत होते. मुलगा परत आला तेव्हा गुडघे चिखलाने माखलेले होते. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"दुसरा साक्षीदार कोण?"

"शेजाऱ्यांना बोलावलंय," मी म्हणाले.

"कशाला? मी करतो सही."

"अरे, थांब!" मैत्रीण ओरडली. "साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. म्हणून तर मी पेनला हात लावला नाही. सही केलीस की घर गेलं तुझं."

"ठाऊक आहे. वकिलाकडे जाऊन आलोय मी."

"मग घराचं काय?" मी विचारले.

"कुणालाही दे. बर्फ पडला की उठल्या उठल्या आधी नळी बघायची. दोघींनी. मग मला फोन करायचा. चहा नंतर."

पाचवे कलम खोडायला मी पेन उचलले. खाडाखोड चालत नाही, असे मैत्रीण म्हणाली. म्हणून ते तसेच राहू देते आणि खाली लिहिते, की मी चुकले. घर व दवाखाना माझ्या नातीला, म्हणजे त्याच्या मुलीला.

स्थळ: आवारात उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये
दिनांक: निघण्याचा आदला दिवस

मृत्युपत्र करणारी: (सही)

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
१. गॅरेजचे मिस्त्री (सही)
२. मुलगा (सही)