बिनमिठाचं पाणी

दि. ११ मार्च

तीर्थरूप बाबांना,
सादर नमस्कार.

तुमचा डोळा पूर्ण बरा झाला, आता वर्तमानपत्र स्वतः वाचता, असं ताई फोनवर म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं. म्हणूनच हे पत्र तुमचं तुम्हीच वाचा, ताईंकडून वाचून घेऊ नका. फोनवर बोलायला गेले की तिकडे स्पीकर चालू असतो आणि माझा धीर सुटतो.

इकडे सगळं ठीक. छोटीचा पुढचा दात पडला. जिन्यातला दिवा एकदाचा दुरुस्त झाला. तुमचे चिरंजीव अजून मोजे शोधण्यात अर्धी सकाळ घालवतात. तुमची खोली रोज झाडते. तुमच्या प्रवाळांच्या काचेच्या टँकचा पंप चालूच ठेवलाय.

टँकबद्दलच लिहायचंय. उगाच इकडचं तिकडचं लिहीत बसले.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ताईंकडे जाण्याआधी तुम्ही मला टँकसमोर बसवून समजावलं होतं. पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून रोजची भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. मिठाचं पाणी फक्त टँकचं पाणी बदलताना. दोन सारखेच पांढरे कॅन, दोन्हींवर तुमच्या टपोऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. मधल्या खडकावरच्या लांब केसांच्या प्रवाळाला तुम्ही म्हातारी म्हणायचात. "हिला जप, ही रुसली की लवकर उघडत नाही," असंही सांगितलंत.

बाबा, चिठ्ठ्या तुम्ही लावल्या होत्या. मी काढल्या.

कॅन चिकट झाले म्हणून गरम पाण्याने घासले, तेव्हा त्या निघाल्या. लक्षात राहील म्हणून पुन्हा लावल्या नाहीत. मग रोज मिठाचंच पाणी ओतत राहिले. प्रवाळं मिटायला लागली तेव्हा वाटलं, तुमच्यावाचून करमत नसेल. खारटपणा मोजायची नळी तुम्ही हाताशी ठेवली होती, ती उचलण्याचा कंटाळा केला. एकदा ओतताना पाणी तोंडावर उडालं, खारट लागलं, तेव्हा चूक कळली. घाबरून एकदम भरपूर साधं पाणी ओतलं. जे वाचलं असतं तेही त्या झटक्याने गेलं. सगळा खडक पांढराफटक पडला.

तुम्ही परत आलात. खुर्ची ओढून नुसते बघत बसलात. मग कॅन फिरवून फिरवून पाहिलेत. आता मला विचारणार, असं वाटलं. पण तुम्ही म्हणालात, "चिठ्ठ्या लावायच्याच राहिल्या माझ्याकडून. लावल्याचं तर पक्कं आठवतंय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "होतं असं बाबा, वय झालं."

छापखान्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली. त्यानंतर तुमचा चष्मा सापडला नाही तरी हे माझ्याकडे बघायचे, आणि मी मान खाली घालायची. स्कूटरची किल्ली तुम्ही आपणहून काढून दिलीत. ताईंकडे कायमचं राहायचं ठरलं तेव्हाही तुम्हीच म्हणालात, माझ्यावर आता विसंबू नका. मी तुमच्या शर्टांच्या घड्या घालत होते. तेव्हाही गप्प राहिले.

काल ताईंचा फोन आला. सोमवारी तुम्हाला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत. सुरुवात कधी झाली असं डॉक्टर विचारतील, तेव्हा कॅनची गोष्ट सांगायची, असं त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि ह्यांना सगळं सांगून टाकलं. हे म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी बाबा मला विचारत होते, माझं डोकं चालेनासं झालंय का रे? त्यांचे डोळे भरून आले होते."

मला हे माहीत नव्हतं.

पत्र कुरिअरने पाठवते आहे, सोमवारच्या आत पोचेल. डॉक्टरांकडे जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण ती गोष्ट तिथे सांगू नका, ती तुमची नाही. ताईंनाही मीच सांगणार आहे.

परत या म्हणायला मला तोंड नाही. माझ्यावर रागवा, आणि तो राग खुशाल मनात ठेवा. तुम्हाला सगळं नीट लक्षात राहतं, बाबा.

तुमच्याशी खोटं वागलेली,
तुमची सून