आओई

विहीणबाई हारुए, तुम्हाला इकडे आखातातल्या अझैब्याहून गंगुबाईचा नमस्कार.

आज आपल्या नातीचं बारसं झालं. आनंद पोटात मावत नाही, पण तुम्ही नाही, त्याचं काय करू? नाक तुमचंच हो, बसकं! रागावू नका. जपानातून येऊन इथल्या हमरिया बाजारातल्या दुकानदाराशी अरबी-हिंदीत "यल्ला भैया, कम करो" म्हणून भांडणारी विहीण मला आता कुठली मिळायची?

तुमची लेक, माझी सून अंतरा ओली बाळंतीण, म्हणून तुमच्या आजारपणात इस्पितळात तुमच्याजवळ मी होते. तुम्ही सारखं "आओई, आओई" म्हणत होतात. मला वाटलं, कळ येतेय, "आई गं" म्हणताय. मी पाय चेपत म्हटलं, "सोसा हो." तुम्ही मान हलवलीत आणि पहाटे गेलात.

आज पाळण्याशी मी ही गोष्ट सांगितली, तर अंतरा रडायलाच लागली. "अहो आई, जपानीत ते मुलीचं नाव असतं!"

यशश्री हे ठरलेलं नाव राहिलं बाजूला. मी पाळण्यात वाकले नि म्हटलं, "आओई!"

मागून एका पाहुणीनं विचारलं, "काय हो आजी, कंबर धरली का?"

"हो गं," म्हटलं, आणि तशीच वाकून राहिले.

तुमचीच,
गंगुबाई